दिवाळं पसंत करताना

आमच्या घराण्यात आजवर कोणी दिवाळं काढलेलं नाही. त्यामुळे ते कोणत्या प्रकारचं काढावं, हे विचारायला घरात अनुभवी माणूस नव्हतं.

हुबळीच्या बाजारात आमचं साड्यांचं जुनं दुकान. ते बरं चाललं होतं, हेच बहुधा माझ्या डोळ्यांत खुपत होतं. मी नवनगरात दुसरं काढलं. काचेचं दार, एसी, बसायला सोफे. उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसायची. (लोक येत, गार पाणी पीत, ऊन उतरलं की उठत आणि बाजारात जाऊन साडी घेत. बाजारात स्वस्त पडते, हे त्यांना मीच सांगत असे.) माल उधारीवर आणलेला, उधारी सगळी माझ्या नावावर, आणि विकण्यासारखं केशवापूरचं एक राहतं घर. त्या घरात अक्का, म्हणजे माझी आई, लग्न होऊन आली होती. ते मला विकायचं नव्हतं.

शेवटी माझी बायको सुमन मला धारवाडच्या जोशी वकिलांकडे घेऊन गेली. अक्काही आली. दुकानाची कुठलीही मोठी खरेदी तिच्याशिवाय होत नाही.

"दोन प्रकार आहेत," वकील म्हणाले. "एक, कोर्टात नादारीचा अर्ज. तगादा थांबतो, पण कोर्ट घर विकून पैसे वाटतं. दुसरा, बाहेरची तडजोड. सगळ्या घेणेकऱ्यांना एकत्र बसवायचं, रुपयाला आठ आणे घ्या म्हणायचं. सगळे कबूल झाले तर घर वाचतं. मोठा कोणी अडला की कोर्ट आलंच."

अक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. "दोनच? आत काही असलं तर काढा की."

"अक्का, दोनच आहेत."

"बरं, चांगल्या घरची माणसं कुठलं नेतात?"

"ती मला सांगून नेत नाहीत."

"मग आम्ही जरा बघून येतो," म्हणत अक्का उठली.

आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसं. चार दुकानं हिंडल्याशिवाय रुमालसुद्धा घेणार नाही. रायापुरातला एक वकील पाहिला, हुबळीत आणखी दोन. प्रत्येकाला मी विचारलं, "जोशी वकील आठ आण्यांत देतात, तुम्ही काय कमी करता?" संध्याकाळपर्यंत आम्ही दिवाळं बघत फिरतोय, ही बातमी बाजारभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी घेणेकऱ्यांचे फोन सुरू झाले. आता निवडायलाही वेळ उरला नव्हता. घर वाचवायचं तर तडजोड, आणि तीही लगेच. मुकाट्यानं जोशी वकिलांकडे परत गेलो.

बैठक रविवारी आमच्या घरी ठरली. वकिलांनी बजावलं, "घर ओढगस्तीचं दिसू दे. नुसता चहा द्या. बिस्किटं नकोत."

अक्कानं मान डोलावली आणि सगळ्यांना फोन केले. "जेवायलाच या. जोडीनं या."

रविवारी घेणेकरी सहकुटुंब आले. शेंगांच्या होळग्या, म्हणजे दाण्याच्या गोड पोळ्या, वर तुपाची धार. ताटं चांदीची. (शेजाऱ्यांची होती, पण ते कोण सांगणार?) जोशी वकील ताटाकडे बघत राहिले. मग अक्कानं सगळ्या बायकांच्या ओट्या भरल्या. खण मीच दुकानातून निवडून आणले होते. हलका खण दिला असता तर दुकानाचं नाव गेलं असतं.

सगळ्यांत मोठे घेणेकरी बसण्णा. त्यांनी बायकोच्या ओटीतला खण हातात घेऊन उलटासुलटा केला आणि मला विचारलं, "साहुकार, हा आमचाच माल नव्हं?"

"हो," मी अभिमानानं म्हणालो. "रंग अगदी पक्का."

"ह्याचे पैसे यायचे हायत री."

वकिलांनी डोळे मिटले. सुमननं माझ्याकडे पाहिलं नाही, ते जास्त लागलं.

बसण्णा हात धुऊन येऊन बसले. "आठ आणे मी घेणार नाही."

संपलं, असं मला वाटलं. अक्का दाराची चौकट धरून उभी होती.

"पुरा रुपया घेणार," बसण्णा पुढं म्हणाले. "लागू देत दोन-चार वर्षं. अक्कांच्या हातचं जेवून त्यांच्या घरावर कोर्टाचा माणूस आणायला मला जमणार नाही. पण नवनगर बंद करायचं. आणि जुन्या दुकानात गल्ल्यावर वैनी बसतील. हे नाही."

"हे" म्हणजे मी.

वकिलांनी सगळ्यांचं मत विचारलं. एकही घेणेकरी अडला नाही. "बरोबर आहे" असं सगळ्यांत आधी अक्का म्हणाली. घर राहिलं. त्या संध्याकाळी परसात जाऊन मी रडलो, हेही सांगून टाकतो.

आता मी साड्यांच्या घड्या घालतो. पगार सुमन देते. परवा घरी तिच्याकडे पाचशे रुपये उचल मागितली.

"जामीन कोण राहणार?" तिनं विचारलं.

मी अक्काकडे पाहिलं. ती समोर बसून मेथी निवडत होती. परात उचलून ती आत निघून गेली.