टवका गेलेली बाटली

भिंगारला आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणारे एक गृहस्थ होते. गिरणीतल्या फळीवर त्यांनी जुन्या गोटी सोड्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. दळणासाठी थांबलेल्या माणसाच्या हातात ते एखादी बाटली देत आणि गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून सांगत, "अक्षरं बघा, काचंतच उठवलीत. अशी आता मिळायची न्हाई." किंमत विचारली की मात्र चाळणी झटकायला लागत.

एकदा शिर्डीच्या एका हॉटेलवाल्याने त्यांची निळ्या गळ्याची बाटली शोभेसाठी मागितली. भाव भलताच मोठा देऊ केला. तो गिरणीवाल्यांच्या मेहुण्याच्या ओळखीचा, त्यामुळे त्यांच्याने नाही म्हणवेना. "शनिवारी घेऊन जा," म्हणाले, आणि मग आठवडाभर कुणाशी धड बोललेच नाहीत.

शुक्रवारी मी ती बाटली शेवटची बघावी म्हणून हातात घेतली, तर ती निसटून दगडी उंबऱ्यावर आपटली. फुटली नाही, पण तोंडाचा टवका उडाला.

त्यांनी बाटली उचलली, पिठाळ अंगठा काठावरून फिरवला. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"वहिनी, टवका गेला की गिऱ्हाईक ढुंकून बघत न्हाई. गेली हिची किंमत."

"मी भरून देते हो."

"कशापायी? बाटली ऱ्हायली की घरात!"

माझाही जीव भांड्यात पडला. त्यांनी बाटली पुन्हा फळीवर ठेवली, हॉटेलवाल्याला दारातूनच दिसावा असा टवका पुढे करून.