आईचं सुतक, यरुशलेममध्ये

यरुशलेमच्या विद्यापीठात मी संशोधन करत होतो, तेव्हा माझ्यासोबत भाड्याच्या घरात आसामातल्या नालबारीचा एक रसायनशास्त्रज्ञ राहायचा. आम्ही आपसात हिंदी बोलायचो. त्याची आई गेल्याचा फोन आला तो चार दिवसांनी. ती आजारी होती हेही घरच्यांनी कळवलं नव्हतं. प्रयोग अर्धवट टाकून येईल, ही भीती.

"आता जाऊन कोणाला भेटू?" एवढंच तो म्हणाला.

त्या दिवसापासून तो फरशीवर झोपू लागला. जेवायचा एकदाच, मीठ-तेलाशिवाय उकडलेला भात. प्रयोगशाळेत कोणी विचारलं तर पोट बिघडलंय म्हणायचा.

सुतक फिटतं त्या दिवशी त्याच्या नालबारीकडे, कामरूप भागात, गाव जमतं, देवाचं नाम गातं. भिजवलेले मूग-हरभरे आलं-खोबरं घालून प्रसाद म्हणून सगळ्यांना देतात. मग घरचा मुलगा गावापुढे पान-सुपारी ठेवून गुडघे टेकतो, चुकलंमाकलं असेल तर क्षमा मागतो आणि गाव आशीर्वाद देतं.

"त्याशिवाय पुरं होत नाही," तो म्हणाला. आमच्याकडे गाव म्हणजे मी एकटा.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, तरुणपणी मुंबईहून आलेली बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारी ज्यू म्हातारी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. सुतक फिटायच्या दिवशी मी सुपारी मागायला गेलो. डब्यातली चार सुकी खांडं घेऊन ती स्वतःच वर आली.

"पूजेला मी बसायची नाही हो," ती म्हणाली, "पण दुःखाला बसेन. आमच्यातपण सात दिवस खालीच बसतात."

तो एकटाच गायला. आईने मागावर विणलेला लाल काठाचा गामोसा गळ्यात घालून त्याने आमच्यापुढे गुडघे टेकले, कपाळ फरशीला लावलं. शेवटी मावशीच म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही, बाळा. ऊठ."

मी ते हिंदीत सांगितलं. तो बराच वेळ उठला नाही.

संध्याकाळी त्याने बहिणीला फोन केला. सगळं रीतीप्रमाणे केलं, असं सांगितलं. मग नुसता ऐकत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "आई तीन आठवडे रोज विचारत होती, मी कधी येणार. घरचे तिला रोज सांगायचे, निघालाय."

दुसऱ्या दिवशी तो दाढी करून कामावर गेला. पुढे वर्षभर आम्ही एकत्र राहिलो. त्याने घरी पुन्हा फोन केलेला मी पाहिला नाही.