आईने दाखवलेला किल्ला

पाहुण्यांना गाव दाखवणं हे आमच्या घरात बाबांचं काम. ते हिंडून परत येतील तेव्हा पानं मांडून तयार ठेवणं हे आईचं. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या बहुतेक मराठी घरांत असंच चालायचं. दक्षिणेतून कुणी ना कुणी काशीला नाहीतर आग्र्याला जाता-जाता ग्वाल्हेरला उतरायचंच. मग बाबा टांगा ठरवायचे, आई पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी डब्यात भरून द्यायची, मी टांग्यात मागे तोंड करून बसायची, आणि आई दारात उभी राहून हात हलवायची. बारा वर्षं ती तशीच हात हलवत राहिली.

आता आठवायला बसलं की ते सगळे रविवार एकमेकांत विरघळून जातात. फुलबागेतल्या पिंजऱ्यातला सुस्तावलेला वाघ, तिघऱ्याच्या धरणाचं हलकेच डुलणारं पाणी, आणि त्या थोर गवयाच्या कबरीजवळचं चिंचेचं झाड. त्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. मी एकदा इतका खाल्ला की दोन दिवस दात आंबलेले होते. गळा मात्र होता तस्साच फाटका राहिला! कुठला पाहुणा कधी आला होता ते काही आठवत नाही. ऊन आठवतं. थंडीतलं, पातळ पाकासारखं ऊन, आणि त्यात टांग्याच्या घोड्याची वाजणारी टाप. ती ऐकता-ऐकता मला हमखास डुलकी लागायची.

संध्याकाळी जेवायला बसलो की आई वाढता-वाढता विचारायची, "मग? आज काय-काय बघितलंत?" पाहुणे सांगायचे, बाबा त्यांच्या चुका काढायचे आणि ती ऐकायची. अर्धं लक्ष कुणाच्या पानातली पोळी संपली त्याकडे, अर्धं किल्ल्यावर. तिने स्वतः किल्ला पाहिलेलाच नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मला वाटायचं, आयांना सगळं माहीत असतंच.

मग राज्य बदललं. तसं ते पूर्वीही एकदा बदललं होतं. संस्थान गेलं, मध्य भारत झाला आणि बाबांचं ऑफिस सहा महिने इथे, सहा महिने इंदूरला असं नाचायला लागलं. पण तेव्हा बाबा आणि फायलींच्या पेट्याच तेवढ्या जायच्या-यायच्या. आम्ही जागचे हललो नव्हतो. आता नवा मोठा प्रांत झाला, राजधानी भोपाळला गेली आणि ऑफिस कायमचं उठलं. बाड्याच्या चौकात जो तो तेच बोलत होता. पाटणकर बाजारातला कापडवालासुद्धा "आप भी जा रहे हैं?" असं विचारून मगच ठाण उलगडायचा. बाबांचं जेवणावरचं मन उडालं. आई मात्र अगदी शांत होती. "चूल काय, तिथेही पेटेलच की," म्हणायची आणि पितळेची भांडी चिंध्यांत गुंडाळून पेटीत भरायची.

अशाच एका दुपारी भांडी भरताना ती सहज म्हणाली, "जायच्या आधी एकदा किल्ला बघायचाय मला."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. "म्हणजे? तू बघितला नाहीस?"

"कधी बघणार गं? तुम्ही सगळे भुकेले परत यायचात."

मला असा काही राग आला! कुणाचा, ते आजही नीट सांगता येणार नाही. बाबांचा, त्या पुऱ्या खाऊन गेलेल्या समस्त पाहुण्यांचा, आणि टांग्यात डुलक्या काढणाऱ्या माझाही. मी बाबांच्या अशी मागे लागले की त्यांनी निघण्याआधीचा शेवटचा रविवार कबूल करून टाकला. आईने ठेवणीतलं हिरवं लुगडं काढून खुंटीवर टाकलं. येता-जाता ती त्याच्यावरून हात फिरवायची.

आणि त्या रविवारी सकाळीच दारात टांगा उभा! साताऱ्याहून बाबांचे मावसभाऊ आणि त्यांची बायको, म्हणजे माझे काका-काकू. "तुम्ही ग्वाल्हेर सोडणार असं कळलं," काका हसत म्हणाले, "म्हटलं, तुम्ही आहात तोवर किल्ला बघून घ्यावा."

आई आत गेली. लुगडं खुंटीवरून काढलं, घडी करून पेटीत ठेवलं, हात धुतले आणि परात ओढून कणीक मळायला बसली. माझं डोकंच फिरलं. मी बाबांना हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. रागावले की माझ्या तोंडून हिंदीच बाहेर पडायची. "आई आज नाही गेली तो मैं भी नहीं जाऊँगी! भोपाल भी नहीं जाऊँगी! अकेले जाओ!"

खरं तर थोबाडीत बसायला हवी होती. बाबांनी मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग कोट काढून त्यांनी माझ्या हातात दिला, आत गेले आणि आईच्या पुढची परात उचलली.

"ऊठ. पिठलं-भात मला येतो."

"अहो, काहीतरीच काय! पाहुण्यांना पिठलं? आणि त्यांना किल्ला कोण दाखवणार?"

"तू. बारा वर्षं ऐकते आहेस. माझ्यापेक्षा तुलाच जास्त पाठ आहे."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, भाताचा गिचका झाला होता. बस!"

काका-काकूंना सांगितलं की बाबांच्या पायात लचक भरली आहे. आणि हिरवं लुगडं नेसून आई आमच्याबरोबर टांग्यात बसली.

किला गेटपाशी उतरून आम्ही चढायला लागलो. चढ मोठा दमवणारा, पण आई सगळ्यांच्या पुढे. "हे चतुर्भुजाचं देऊळ. इथे भिंतीवर शून्य कोरलंय बघा, फार जुनं आहे." काकू डोळे बारीक करून शोधायला लागल्या. तीही शोधत होती, पण ते मलाच कळत होतं. पुढे हत्ती दरवाजाच्या अलीकडे ती म्हणाली, "आता जरा वर बघा, महालाच्या भिंतीवर निळा रंग दिसेल. आणि त्या निळ्यात पिवळी बदकं, एका ओळीत." आम्ही वर बघितलं. खरंच बदकं होती. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

मग सगळंच स्वप्नात चालल्यासारखं झालं. ती अंधाऱ्या तळघरात उतरली, जाळीच्या खिडकीला गाल लावून उभी राहिली, सासबहूच्या देवळात खांबा-खांबाला हात लावत गेली. हळू आवाजात सांगत होती आणि स्वतःच चकित होत होती. काकू म्हणाल्या, "किती वेळा आलात हो वहिनी?"

"मोजलंय कुणी!" आई म्हणाली.

तेली मंदिरावरून पुढे गेलो. तटाशी आलो आणि आई एकदम थांबली. खाली सगळं लष्कर पसरलं होतं. गच्च्या, कळस, झाडं, दुपारच्या धुरकट उन्हात तरंगत असलेलं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पाहुण्यांना लष्कराचं काय कौतुक?

"आपलं घर कुठे गं?" तिने विचारलं. मी अंदाजाने एक गच्ची दाखवली. तिच्या पलीकडे बाडा, अलीकडे बाजार. ती बघत राहिली. काका-काकू पुढे निघून गेले तरी ती हलेना. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिने पुसलं नाही.

"इतकं सुंदर आहे आपलं गाव," ती म्हणाली. "मी कशाला बघितलं गं? चार भिंती सोडून जायचंय असंच वाटत होतं मला. सुखाने गेले असते."

मीच तर हट्ट केला होता. मी तिच्या लुगड्यात तोंड खुपसून रडले, आणि ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत त्या गच्चीकडे बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात आम्ही भोपाळला गेलो. क्वार्टरपासून मोठा तलाव दहा मिनिटांवर होता. बाबा दर रविवारी कोट घालून दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "चल, आज तुला तलाव दाखवतो."

"नको हो," आई म्हणायची. "उद्या इथूनही उठवलं तर?"