पोटखराब जमिनीवरचे पावणे

दत्तोबा मास्तर गेल्याची बातमी मला कचेरीत कळली. त्याला आता पाच आठवडे झाले. त्यांच्या शाळेत शोकसभा झाली आणि मुख्याध्यापकांनी सांगितलं, 'मास्तरांना पाखरं बघण्याचा छंद होता.' छंद! माझं डोकंच फिरलं. ज्या कामापायी या माणसानं एक रविवार घरी काढला नाही, घरच्यांची बोलणी खाल्ली, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, त्याला छंद म्हणून हार घातला की सगळे मोकळे!

मास्तर शाहूपुरीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवत आणि पोरांचं अक्षरही घटवून घेत. मी महसूल खात्यात कारकून, त्यांच्या शेजारचाच. संस्थान विलीन झालं त्या सुमारास आमची मैत्री जमली. हिवाळ्यात दर रविवारी आम्ही सायकली काढून हातकणंगल्याच्या वाटेवरच्या एका तळ्यावर जायचो. पाण्याला लागून गाळ, मग ओलं गवत, त्याच्या वर मुरमाड माळ. हाकेच्या अंतरातली जागा, पण प्रत्येक पट्टीतली पाखरं निराळी. गाळात टिलवे, चिमणीएवढेच, सारखे चोच मारत. गवतात तुतवार. वर कोरड्या माळावर सोन चिखल्या. मास्तर लांब कागदावर पाण्यापासून माळापर्यंतचा उतार काढायचे आणि ज्या त्या पाखराला त्याच्या जागेवर बसवायचे.

त्यातली कितीतरी पाखरं पार उत्तरेकडून, झाडसुद्धा उगवत नाही अशा गारठलेल्या मुलखातून येत. शब्दकोश जवळ घेऊन मास्तरांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचून काढलं होतं. मला म्हणाले, "नाना, तिकडंबी असंच हाय बघा. टिलव्याचं घरटं वल्या शेवाळात, सोन चिखल्याचं कोरड्या दगडाळ उंचवट्यावर. आपल्याला वाटतं सगळा उजाड मुलूख एकसारखा. पाखराला तसं वाटत न्हाय. एवढ्या लांबनं येत्यात, पण आपली जागा इसरत न्हाईत."

मग त्या गाळात भर घालून गोदाम बांधायचं ठरलं. मास्तरांनी आमच्याच कचेरीत हरकतीचा अर्ज केला, सोबत तो लांब कागद जोडला. साहेबांनी कागद उलटासुलटा केला आणि विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर आहे? टिलव्याच्या?" कचेरी हसली. मीही हसलो... साहेब पुढे म्हणाले, "एवढा माळ मोकळा पडलाय मास्तर, बसतील की तिकडं!"

मास्तर चढ्या आवाजात म्हणाले, "सायेब, उद्या तळ्यातलं मासं काढून माळावर सोडतासा व्हय?"

अर्ज फेटाळला गेला. ज्या जमिनीत पीक येत नाही, तिला आमच्या खात्यात पोटखराब म्हणतात. निकालात लिहिलं होतं, 'सदर जागा पोटखराब असून तिचा कोणासही उपयोग नाही.' माझं अक्षर चांगलं, म्हणून पक्की प्रत मीच लिहिली. 'कोणासही' हा शब्द लिहिताना माझा टाक अडला नाही. कित्येक रविवार त्या गाळाच्या काठाशी उकिडवा बसलेला मी! नक्कल मास्तरांना पोस्टानं गेली. त्या निकालाबद्दल ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि मलाही विषय काढायची छाती झाली नाही. कारकुनाचं अक्षर कोण बघतो, अशी मी मनाची समजूत घातली.

पुढच्या हिवाळ्यात सोन चिखल्या माळावर उतरल्या. टिलव्यांचा थवा भरावावर दोन-तीन घिरट्या घालून निघून गेला. माळ मोकळाच होता. एकही तिथे बसला नाही. मास्तर सायकल धरून बराच वेळ उभे होते.

परवा त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या खोलीत बसलो आणि न राहवून वहिनींना सांगून टाकलं, "वहिनी, तो निकाल माझ्या हातचा होता."

वहिनी म्हणाल्या, "त्यास्नी ठावं हुतं की, भावजी. जन्मभर पोरांची अक्षरं तपासली, तुमचं वळखायचं न्हाईत व्हय? नक्कल आली त्याच दिवशी मला म्हणालं, नानांची वेलांटी हाय. आनि म्हणालं, रविवारी त्ये येतील, तवा काय बोलू नगंस. च्या टाक."

इतकी वर्षं त्यांनी मला एक शिवी घातली नाही. का घातली नाही? मला राग येतो मास्तरांचा... वहिनींनी चहा आणून समोर ठेवला. मला कप उचलवला नाही.