दत्तूच्या वाईनचे घोट

वाईनच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. मालवणात बसून काजूच्या बोंडांची वाईन काढतो म्हटल्यावर माणसं आपणहून येतात, दोन घोट घेतात आणि किस्सा करून जातात. हसायचे कुठले आणि गप्प बसायचे कुठले, ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझा भागीदार दत्तू. टेस्टिंग शिकायला आम्ही दोघं नाशिकला गेलो होतो. तिथल्या बाईंनी सांगितलं, घोट तोंडात फिरवा आणि बादलीत थुंका. सगळे थुंकले, दत्तू सोडून. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आमच्यात ताटात वाढलेल्यावर थुंकत नाहीत." वर्गभर हशा! बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं.

तो कधीच थुंकला नाही. वाईनवरून देशीवर गेला. घरात बाटल्या लपवायला लागला. एकदा सुमनवहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, भाताच्या कणगीत एक सापडली. तिनं ती परसातल्या माडाच्या आळ्यात ओतली. "त्या वर्षी माडाक नारळ बरे लागले," हे आम्हाला हसत हसत सांगणारा पुन्हा दत्तूच. मेल्याला कशाचीच लाज नव्हती.

लिव्हर गेलं आणि मागोमाग तोही गेला.

दहाव्याला ओहोळावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भटजी ताटकळले. कुणीतरी हळूच सुचवलं, एक क्वार्टर ठेवा बाजूला, लगेच येईल बघा. एकजण मोटरसायकलला किक मारून बाजाराकडे निघालासुद्धा. हे कानावर गेलं तशी वहिनी घरातून उठून थेट ओहोळावर आली.

"उपाशी जावंदे," म्हणाली.

शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

पुढे घर चालवायचं होतं. मुलगा ओंकार घाटावर शिकत होता. वहिनीनं दत्तूच्या जागी काम मागितलं आणि मी दिलं. बाटल्या भरायची, ग्लास धुवायची, पाहुण्यांना ओतून द्यायची. गाव काय, बोलायचं ते बोललंच. जिनं नवऱ्याला खाल्लं तीच दारू आता लोकांना पाजते! ती ऐकून घ्यायची. तिला धास्ती एकच होती, ओंकारची. रवळनाथासमोर नारळ ठेवून तिनं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं, थेंबाला शिवणार नाही म्हणून.

गेल्या हिवाळ्यात घाटावरच्या विद्यापीठातल्या पोरांच्या एका क्लबचं टेस्टिंग ठरलं. फूड टेक्नॉलॉजीची पोरं, वयाचे दाखले आणायला सांगूनच मी हो म्हटलं. फोंडाघाटाच्या वळणांनी निम्मी ओकून ओकून पिवळी पडली होती. गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न, "काका, लिंबू आहे का?" कसली डोंबलाची चव कळणार होती त्यांना!

गाडीतून शेवटी उतरला तो ओंकार. क्लबचा सेक्रेटरी तोच. आईला पत्ता नव्हता, मलाही नव्हता. आत जाऊन वहिनीला म्हटलं, आज तू राहू दे, मी देतो सगळ्यांना. तिनं ट्रे उचलला आणि बाहेर आली.

रांगेनं ओतत ती ओंकारसमोर आली. त्यानं ग्लास मागे घेतला. शेजारचा एकजण म्हणाला, अरे लाजतोस काय, तूच म्हणालास ना बाबांची वाईन, घरचीच तर आहे! बाकीचे हसले. ओंकारनं मान खाली घातली आणि ग्लास पुढे केला.

मला वाटलं, आता ट्रे आपटते. पण तिनं इतरांना ओतली तेवढीच त्यालाही ओतली.

"लपान नको," म्हणाली. "माझ्यासमोर पी."

ओंकारनं घोट घेतला. काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, हळूच म्हणाला, "बरी आसा, आये."

"तुझो बापूसय पयल्या दिसा ह्याच बोललो हुतो," वहिनी म्हणाली, आणि शेजारच्या मुलीचा ग्लास भरायला लागली.