धाकट्याला शोधणारे फोन

माझा धाकटा भाऊ पुण्यात अपघातात गेला आणि आम्ही ते आईला सांगितलं नाही. आम्ही म्हणजे मीच. घरात आई आणि मी, तिसरं कोण होतं? त्याच महिन्यात आईला हृदयाचा झटका येऊन गेला होता. इथल्या पलासिया भागातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसेल असं काही कानावर पडू देऊ नका. मी ऑफिसच्या ट्रेनिंगचं निमित्त सांगून पुण्याला गेले, शेजारच्या भाभींना सोबतीला ठेवलं आणि सगळं उरकून परत आले. उरकून हा शब्द वाईट आहे, पण खरा तोच आहे. रडूबिडू काही आलं नाही. घरात पाऊल टाकलं तर आई म्हणाली, जरा पूजा करून टाक ना, मला वाकवत नाही. सुतकात देवाला हात लावत नाहीत. मी लावला, फुलं वाहिली, निरांजन लावलं, आणि मग चहा टाकला.

आईला सांगितलं, कंपनीने त्याला बाहेरच्या देशात टूरवर पाठवलंय, तिथून फोन लागत नाही. "असली कसली मेली कंपनी!" आई म्हणाली. दर रविवारी तो आईला फोन करायचा. आता रविवारी ती मोबाईल पदराने पुसून जवळ घेऊन बसायची आणि मी भाजी निवडायला घ्यायचे. माझ्या आत काही हलायचं नाही. लोक म्हणतात दगड झाला. दगडसुद्धा उन्हात तापतो हो.

मग एक दिवस फोन आले. रविवारी नाही, रोजच. धाकट्याने कुठल्याशा फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं होतं, मला पत्ताच नव्हता. अर्जात ओळखीचा माणूस म्हणून त्याने आईचा नंबर दिला होता. हप्ते थकले तशी वसुलीवाल्यांनी आईला गाठली.

"माताजी, बेटा किधर है?"

"बाहर गया है बेटा, टूर पे. बड़ा मेहनती है, आके दे देगा."

आई त्यांच्याशी असं गोड बोलायची की ऐकवत नसे. फोन ठेवून मला म्हणायची, "लेकराने कर्ज काढलं आणि आपल्याला बोलला नाही बघ. लाज वाटली असेल." ज्या दिवशी फोन यायचे त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवायची, हे मात्र माझ्या लक्षात आलं होतं. त्याला कोणीतरी शोधतंय एवढंसुद्धा तिला पुरत होतं.

एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून. आईचं सिम बदलू म्हटलं तर तिने मोबाईल छातीशी धरला. "त्याच्याकडे हाच नंबर आहे ना! लावेल तेव्हा कुठे लावेल?" कप्पाळ!

तुकोगंजला माझं ऑफिस आहे, तिथे जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईलवर सगळे नियम वाचून काढले. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी चालत नाही. ज्याचं नाव नुसतं ओळखीसाठी दिलंय त्याच्यामागे लागायचं नाही. तो जामीनदार नसतो, त्याच्यावर पैशाची काही जबाबदारी नसते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, दाद नाही लागली तर वर अशा कंपन्यांच्या तक्रारींसाठी नेमलेला लोकपाल. आणि एक नियम असाही होता की घरात मृत्यू झाला असेल अशा दुःखाच्या वेळी फोन करू नये. तो मी दोनदा वाचला. म्हणजे हा हक्क वापरायचा तर आधी घरात मृत्यू झालाय हे मान्य करायला हवं.

तिथूनच मी वसुलीवाल्या पोराला फोन लावला आणि म्हटलं, "वो नहीं रहे."

"मैडम, सब यही बोलते हैं. माताजी तो रोज बोलती हैं टूर पे है."

घ्या! माझंच खोटं उलटं माझ्याच घशात. दाखला पाठवते म्हणावं तर जीभ उचलेना. हा मेला दाखला बघणार आणि दुसऱ्या मिनिटाला आईला विचारणार, माताजी, बेटा मर गया, बताया क्यों नहीं? माझी सगळी भीती या एका वाक्याची होती. पैशाची नव्हतीच. त्याच्यामागे एक जुनी स्कूटर आणि गॅसची शेगडी उरली होती, त्यातून जे वसूल होईल ते करा म्हणावं. मी फोन ठेवला. पुढचे कितीतरी दिवस मी काहीच केलं नाही. फोन यायचे, आई बोलायची, मी कुकरच्या शिट्ट्या मोजायचे.

शेवटी एका संध्याकाळी, दिवे लागल्यावर, आईने सवयीने स्पीकर लावला आणि पलीकडचा म्हणाला, "पल्लू में छुपा के रखा है क्या बेटे को?"

आईचा चेहरा असा झाला की मी तिच्या हातातून मोबाईल हिसकावलाच. "ओ भिया! टाइम क्या हुआ है, मालूम है? सात के बाद फोन करने का हक किसने दिया तुमको? ये गारंटर नहीं है, समझे? नाम बताओ अपना, एजन्सी का नाम बताओ!" त्याने नाव सांगितलं नाही, कटच केला. बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी वाटलं, आणि तो नुसता राग होता. आई म्हणाली, "अगं, केवढ्याने ओरडतेस. बिचारा नोकरी करतोय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातूनच तक्रार पाठवली. मृत्यूचा दाखला जोडला, वेळेबाहेरच्या फोनची नोंद जोडली आणि खाली लिहिलं, माझ्या आईला ही बातमी माहीत नाही, तिच्या नंबरवर सांत्वनाचासुद्धा फोन करू नये. हे लिहिताना मला वाटलं आपण एखादं बिल भरतोय. कंपनीच्या तक्रार विभागातल्या बाईंचा मला फोन आला. नीट बोलल्या. माताजींचा नंबर काढलाय म्हणाल्या, माफी मागितली.

आणि फोन खरंच थांबले. घर एकदम गप्प झालं. आई मोबाईल ताटाशेजारी ठेवायची, मधेच उचलून बघायची, पुन्हा ठेवायची. मला वाटलं, सुटलो. आणि मी, शहाणी, पुढचं खोटं बोलले. "कर्ज फिटलं गं आई. त्याने सगळं भरलं, कंपनीचा निरोप आला."

"हो का?" म्हणाली. बस्स, एवढंच.

आमच्याकडे खजरान्याच्या गणपतीला नवस बोलताना मंदिराच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढतात आणि काम झालं की येऊन सुलटं काढायचं असतं. फोन सुरू झाले तेव्हाच आई भाभींबरोबर जाऊन त्याच्या कर्जासाठी उलटं काढून आली होती. म्हणून बुधवारी मीच म्हटलं, चल, सुलटं काढून येऊ. खोटं धडधाकट दिसायला हवं ना! रिक्षा केली, मोदक घेतले. भिंतीपाशी नेहमीसारखी रांग होती. आमचा नंबर आला, मी कुंकवाची पुडी उघडून धरली, आईने बोट बुडवलं आणि तशीच उभी राहिली.

"काढ ना आई."

"नको." तिने भिंतीकडेच बघत सांगितलं. "पैसे भरले असते तर त्याने आधी मला फोन केला असता."

मागच्या बाई म्हणाल्या, माताजी, जरा आगे.

"कर्जवाले जित्या माणसाला असे सोडत नाहीत गं. फोन बंद झाले तेव्हाच मला कळलं. त्या परक्या माणसांना सांगितलंस ना तू? मग मला कधी सांगणार होतीस?"

मग मी सांगितलं. तिथेच, घंटा वाजत असताना, पुडी हातात धरून. कसा गेला, कुठे गेला, किती दिवस झाले. मला वाटत होतं ती खाली बसेल, मी तिच्या गोळ्या पर्समध्ये चाचपत होते. ती उभीच होती. तिने एकच विचारलं.

"अग्नी कोणी दिला?"

"मी."

"एकटीनेच?"

मी मान हलवली, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं. आईने कुंकवाचं बोट आपल्या पदराला पुसलं आणि मला रांगेतून बाजूला घेतलं.