न केलेल्या चोरीची साक्ष

भूमहून बार्शीकडं निघालेली आमची बैलगाडी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर थांबली, तेव्हा निजामाच्या शिपायानं माझी पत्र्याची पेटी उघडायला लावली. आत दोन लुगडी, एक बायबल आणि गोष्टी सांगायची चित्रांची गुंडाळी. तो मायला म्हणाला, "अजून काय लपवलंय?"

"काय न्हाय, साहेब. होतं न्हवतं ते ही मागच्या साली सोलापुरात बोलून आली."

माय नाक्यापर्यंतच येणार होती. परत फिरताना तिनं मला एकच गोष्ट बजावली, "शांते, तिकडं साक्ष द्यायला उभं केलं, तर पोट दुखतंय म्हन आन् खाली बस." ती रडली नाही, मीही नाही. माझ्या रडण्यावर तोपर्यंत गावात कुणाचा भरवसा उरला नव्हता.

गावात राहिलेल्या भाचरांनो, आणि माझ्यासारखं पुणं-सोलापूर धरलेल्यांनो, ही गोष्ट तुम्हाला अर्धीच ठाऊक आहे, आणि ती अर्धीही चुकीची आहे.

आमच्या ख्रिस्ती वस्तीतली प्रत्येक बाई दळायला बसण्याआधी मूठभर ज्वारी देवासाठी बाजूला काढायची. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या मुठी एका मडक्यात पडायच्या, आणि ते मडकं आमच्या घरी राहायचं. मायच्या हाती दिलं की दुसऱ्या कुणी बघायची गरज नाही, असा तिचा लौकिक. घरात अंबाडीची भाजी नुसती खाल्लेले दिवस मला आठवतात, पण मडक्याला हात लागला नाही.

त्या मुठींच्या जोरावर मंडळीनं मला सोळाव्या वर्षी उन्हाळ्यात सोलापूरला पाठवलं. गावोगावच्या चर्चनी आपली एक-दोन पोरं-पोरी धाडलेली. महिनाभर आम्हाला पुढारी करायचं काम चाललं होतं: चार लोकांत उभं कसं राहायचं, शाळेतल्या मुलांना गोष्ट कशी सांगायची, टाळ-चिपळ्या घेऊन ख्रिस्ती कीर्तन कसं करायचं. चांगली निघेल तिला पुढं ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळणार होती. मला ती जागा हवी होती. इतकी, की कीर्तनात मी देवाकडं कमी आणि शिबीर चालवणाऱ्या मॅडमकडं जास्त बघायची.

शेवटच्या सकाळी साक्षी झाल्या. प्रत्येकानं उठून सांगायचं, आपण कोणतं पाप सोडलं. एक जण पंधराव्या वर्षी दारू सोडून आलेला. दुसऱ्यानं बापाला मारलं होतं. माझी पाळी जवळ येत चालली आणि मला साधं धड पाप सापडेना. मग मी उभी राहिले आणि म्हणाले, देवाच्या मडक्यातली ज्वारी मी चोरून खाल्ली. एवढं म्हटल्यावर मला रडू आलं, आणि खरं सांगते, फार छान आलं. मॅडमनी डोळे पुसले.

मागच्या रांगेत आमच्या भागात घरोघर बायबल वाचत फिरणाऱ्या बायबलबाई, सगुणाबाई, बसलेल्या. मी दोन दिवस पाहुण्यांकडं राहिले, त्या त्याच दिवशी निघाल्या. वाटेत पाच वस्त्यांत त्यांनी माझ्या पश्चात्तापासाठी प्रार्थना घेतल्या. मी घरी पोचले तर कोनाड्यात मडक्याचा गोल डाग तेवढा होता. मडकं दुसऱ्या घरी गेलेलं.

माय म्हणाली, "तू खाल्लीस?"

"न्हाय."

"मग लोकांच्या लेखी म्या खाल्ली आसं झालं की गं. पोरगी खाती तर मायला कळंना व्हय?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पाळकसाहेब भले. म्हणाले, "झालं ते झालं. मंडळीनं क्षमा केली आहे. तू आता मुलांची शाळा सुरू कर. साक्ष मागं घेतलीस तर सोलापूरची जागा विसर." म्हणजे गप्प बसले तर मी पुढारी होणार होते, आणि माय चोर.

रविवारी मी सगळ्यांपुढं उभी राहिले. "म्या ज्वारी खाल्ली न्हाय. खोटंच बोलले. क्षमा करायची तर त्या खोट्याची करा, चोरीची मला नको."

पुढून कोंडाकाकू म्हणाल्या, "तवा रडत हुतीस ते खोटं, का आता हसतीस ते खोटं?"

"हसत न्हाय, काकू. तोंडच आसं हाय."

निम्म्यांनी मानलं, निम्म्यांनी नाही. मडकं परत आलं नाही, जागाही गेली, आणि चर्चमध्ये शाळा घ्यायला बंदी झाली. निजामाच्या राज्यात शाळेची सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमची रविवारची शाळा तशीही शुक्रवारीच भरायची. मी सरकारी शाळेच्या मास्तरांकडं शुक्रवारपुरता शाळेचा ओटा मागायला गेले. ते उर्दू शिकवायचे, मराठी जेवणापुरतं बोलायचे. एवढंच विचारलं, "वट्ट्यावर थुंकणार न्हाईत ना पोरं?" त्या ओट्यावर मी वर्षभर गोष्टी सांगितल्या, अक्षरं गिरवून घेतली. आमची पोरं आली, मग वेशीआतल्या सवर्णांची दोन-चारही येऊन कडेला बसली. पुढच्या उन्हाळ्यात मॅडम स्वतः बघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "या वेळी रडू नकोस, नुसती ये." म्हणून मी त्या नाक्यावर उभी होते.

आता मी पुण्यात हेडमास्तरीण आहे. मिटिंग, मेमो, इन्स्पेक्शन. उन्हाळ्यात चर्चच्या पोरांची शिबिरं घेते. तिथं कुणी पाप सांगायला उभं राहिलं की आधी विचारते, खरंच केलंस ना? पोरं हसतात. मी हसत नाही, पण तोंडामुळं कळत नाही.

दर नाताळला गावी येते. उपासनेत कुणी ना कुणी कौतुकानं सांगतंच, मूठ चोरणारी पोर देवानं कुठच्या कुठं नेली. मी लगेच उठते आणि म्हणते, "चोरली न्हाय." मग बसते. नवे पाळक आता तेवढ्यापुरते थांबतात आणि मग प्रवचन पुढं नेतात. मुलगा म्हणतो, आई, इतकी वर्षं झाली, सोड की. पुण्यात मला कुणी चोर म्हणत नाही, तिथं माझा मान आहे, पेन्शन ठरलेली आहे. पण माय चर्चमागच्या मातीत आहे, आणि तिच्यावर ज्यांनी संशय घेतला त्यांची नातवंडं पुढच्या रांगेत बसतात. तिचं नाव त्यांच्या तोंडून साफ येईस्तोवर मी गाव सोडलं असं कुणी म्हणू नये.